‘छान होतं’च्या पुढे: वर्गातल्या सादरीकरणावर मुलांनी मुलांना अभिप्राय कसा द्यायचा

एखाद्या गटाचं सादरीकरण संपलं आणि आपण वर्गाला विचारलं, “कसं वाटलं?”, की पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकच उत्तर येतं: “छान होतं, मॅडम.” आणखी खोदलं तर कुणीतरी म्हणतं, “आवाज थोडा वाढवायला पाहिजे होता.” टाळ्या होतात, पुढचा गट उठतो. सादर करणाऱ्या चौघांच्या हाती काहीच लागत नाही. ऐकणाऱ्या साठ जणांच्याही लागत नाही, आणि मला तेच जास्त लागतं. त्यातल्या बहुतेकांनी ऐकलेलंच नसतं. आपला नंबर कधी येतो एवढीच ती वाट पाहत असतात.

मी अकरावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा शिकवते. तालुक्याच्या गावचं कनिष्ठ महाविद्यालय, वर्गात ६४ मुलं, ४० मिनिटांची तासिका, प्रोजेक्टर एकच आणि तोही आळीपाळीने मिळणारा. या विषयात मुलं प्रकल्प करतात आणि तो वर्गासमोर मांडतात. त्या मांडणीवर मुलांनीच एकमेकांना उपयोगी पडेल असं काही सांगावं, यासाठी चुकत-माकत जी पद्धत माझ्या वर्गात बसली, ती इथे पायरी पायरीने देते. विषय कुठलाही असो, नववीपासून पदवीपर्यंतच्या वर्गात ती चालेल.

यात नवं असं काही नाही. राज्यात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हाच आकारिक, म्हणजे शिकता शिकता वेळोवेळी होणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांत ‘सहाध्यायी मूल्यमापन’ (वर्गमित्रांनी एकमेकांचं केलेलं) हा शब्द होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही प्रगतिपत्रकात शिक्षकांच्या मूल्यमापनासोबत स्वतःचं आणि सहाध्यायांचं मूल्यमापन असावं असं म्हटलं आहे. शब्द कागदावर आहे. मुलांनी ते करायचं कसं, हे शिकवायला मात्र वेळापत्रकात जागा नसते. ती जागा काढावी लागते. निदान एक पूर्ण तास त्यासाठी धरा.

सगळ्या पद्धतीचा कणा एकच आहे: आधी काय दिसलं आणि काय ऐकू आलं ते लिहायचं, मत त्यानंतर.

पहिला तास: मुलांनी आधी तुमच्यावर सराव करावा

मुलांना अभिप्राय द्यायला शिकवायचं तर पहिला अभिप्राय शिक्षकाने घ्यावा. मी तीन मिनिटांचं एक सादरीकरण मुद्दाम बिघडवून करते. विषय त्यांच्याच प्रकल्पांतला असतो, समजा, गावची नळपाणी योजना. फळ्यावर चौदा ओळी लिहून ठेवते आणि वर्गाकडे पाठ करून त्या वाचते. मध्येच “हे सगळ्यांना माहितीच आहे” म्हणून दोन मुद्दे गाळते. एक आकडा सांगते, पण तो कशाचा ते सांगत नाही. शेवटी “धन्यवाद” म्हणून एकदम थांबते.

मग विचारते. पहिलं उत्तर अर्थातच “छान होतं, मॅडम.” इथे घाई करू नका. “बरं, छान काय होतं? मी काय केलं तेव्हा छान वाटलं?” असं विचारून गप्प उभं राहायचं. त्या शांततेत एखादी मुलगी हळूच म्हणते, “मॅडम, तुम्ही आमच्याकडे बघतच नव्हता.” तेच वाक्य फळ्यावर लिहायचं. मग दुसरं येतं, तिसरं येतं. पाच-सहा वाक्यं जमली की त्यांचे दोन रकाने करायचे. एका बाजूला जे डोळ्यांनी दिसलं किंवा कानांनी ऐकलं ते, दुसऱ्या बाजूला नुसतं मत. ‘बोअर झालं’ हे मत. ‘चौथ्या ओळीनंतर मी फळ्याकडे बघणं सोडलं’ हे दिसलेलं. हा फरक मुलांना व्याख्येने कळत नाही, पण दोन रकाने समोर असले की दहा मिनिटांत कळतो. त्यासाठी उरलेला सगळा तास गेला तरी चालेल.

शिक्षकाने ही टीका शांतपणे ऐकून घेतलेली मुलं बघतात. पुढे त्यांची पाळी येते तेव्हा ती तशीच वागतात.

वेळेचं आणि माणसांचं गणित

मोठ्या वर्गात ही गोष्ट मोडते ती वेळेवर, म्हणून हिशेब आधी करून ठेवा. माझा असा आहे: ६४ मुलं, चौघांचा एक गट, म्हणजे १६ सादरीकरणं. एका सादरीकरणाला ६ मिनिटं, नंतर ३ मिनिटं शांतपणे लिहायला, ४ मिनिटं बोलायला. एकूण १३. हजेरीचे ५ मिनिट सोडले तर ४० मिनिटांत दोन सादरीकरणं होतात आणि वर ९ मिनिटं उरतात. ही ९ मिनिटं कशाला लागतात ते पुढे येईलच. १६ गटांना आठ तास पुरतात.

सगळ्या वर्गाला लिहायला लावू नका. साठ चिठ्ठ्या कुणी वाचत नाही, आणि साठही जण लिहीत असले की आपल्या चिठ्ठीने काय फरक पडतो असं प्रत्येकाला वाटतं. मी प्रत्येक सादरीकरणाला फक्त १२ जणांना चिठ्ठी देते. १६ सादरीकरणांच्या १९२ चिठ्ठ्या, म्हणजे प्रत्येकाची पाळी बरोबर तीनदा येते. यादी आधीच भिंतीवर लावते. बाकीची मुलं आपल्या वहीत एकच ओळ लिहितात: या गटाने मला काय सांगितलं? ही ओळ साधी दिसते, पण शेवटी चार-पाच जणांना ती वाचायला सांगा. पाचांच्या ओळी पाच दिशांना गेल्या, तर गटाला आपला मुद्दा पोचला नाही हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

बारा जणांची चार कामं

‘सगळ्याकडे लक्ष द्या’ असं सांगितलं की मुलं कशाकडेच लक्ष देत नाहीत. म्हणून तिघा-तिघांना एकेक काम वाटून द्यायचं, तेही सादरीकरण सुरू होण्याआधी.

माहितीवाले बघतात की जे सांगितलं त्याला आधार काय दिला: कुणाला विचारलं, काय मोजलं, आकडा कशाचा. क्रमवाले बघतात की एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाताना आपण हरवलो का, आणि हरवलो तर कुठे. चित्रवाल्यांकडे स्लाइड, तक्ता, नमुना, जे काही दाखवलं ते. चौथे श्रोत्यांवाले. त्यांनी बोलणाऱ्याकडे न बघता वर्गाकडे बघायचं. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येतंय का, माना कधी वर झाल्या, कुजबुज कधी सुरू झाली. हे चौथं काम मुलांना सगळ्यात आवडतं. मला वाटतं सगळ्यात जास्त शिकवतंही तेच, कारण वर्ग नेमक्या कुठल्या वाक्याला सुटतो हे एकदा बघितलेलं मूल स्वतः उभं राहिल्यावर ते विसरत नाही.

एका कामाला तिघं का? एकट्याचं निरीक्षण चुकू शकतं. तिघांपैकी दोघांनी स्वतंत्रपणे तोच क्षण पकडला असेल, तर त्या ठिकाणी खरंच काहीतरी घडलं आहे असं समजायचं. म्हणून तिघांना एका बाकावर बसवू नका, नाहीतर एकच चिठ्ठी तीनदा मिळते.

चिठ्ठी

आखीव कागदाचा अर्धा तुकडा पुरे. वर लिहिणाऱ्याचं नाव आणि काम. खाली तीनच ओळी:

काय दिसलं किंवा ऐकलं?
त्यामुळे मला काय झालं?
पुढच्या वेळी काय करून बघशील? (किंवा: हे असंच ठेव.)

दुसऱ्या ओळीत ‘मला’ हा शब्द हवाच. ‘वर्गाला’, ‘सगळ्यांना’, ‘कुणालाच’ असं लिहायचं नाही. लिहिणाऱ्याने फक्त स्वतःपुरतं बोलायचं. तिसऱ्या ओळीत एकच गोष्ट, तीही पुढच्या आठवड्यात करता येईल अशी. ‘आत्मविश्वास वाढव’ हे करता येत नाही. ‘पहिली दोन वाक्यं कागद न बघता बोल’ हे करता येतं.

एक उदाहरण जवळून दाखवते. गेल्या वर्षी एका गटाचा विषय होता पिण्याच्या पाण्याचं शुद्धीकरण. गावच्या टाकीत टीसीएल पावडर (पाण्यात क्लोरीन सोडणारी ब्लीचिंग पावडर) कशी टाकतात, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक काय करतो, हे एक मुलगी सांगत होती. बोलता बोलता ती म्हणाली, “आणि ते ०.२ असायला पाहिजे,” आणि पुढे गेली. माहितीचं काम असलेल्या एका मुलाची पहिली चिठ्ठी अशी होती:

‘माहिती चांगली होती पण नीट समजावून सांगितली नाही. अजून अभ्यास करावा.’

ही चिठ्ठी तिला कुठेच नेत नाही. मी ती त्याला परत दिली आणि एवढंच विचारलं, “नक्की कुठल्या वाक्याला तुला समजलं नाही?” त्याने डोकं खाजवलं, वहीच्या समासात बघितलं आणि नवीन चिठ्ठी लिहिली:

‘तू ०.२ असायला पाहिजे म्हणालीस. मला कळलं नाही की ०.२ काय आणि कुठे? टाकीत की नळाला? म्हणून पुढचं दोन मिनिटं मी त्याचाच विचार करत होतो. पुढच्या वेळी आकड्याबरोबर कशाचा ते सांग, नाहीतर करून दाखव.’

मुलगा तोच आणि कागदही तेवढाच. पण दुसऱ्या चिठ्ठीत तिला धरायला जागा आहे.

तास कसा चालवायचा

वेळेसाठी तीन रंगांचे कागद मागच्या भिंतीपाशी एका मुलाच्या हातात द्या: हिरवा, पिवळा, लाल. ही कल्पना टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्या मंडळांच्या सभांमधली. तिथे ५ ते ७ मिनिटांच्या भाषणाला पाचव्या मिनिटाला हिरवी खूण होते, सहाव्याला पिवळी, सातव्याला लाल. माझ्या वर्गात चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या मिनिटाला दाखवतात. लाल दिसला की चालू वाक्य संपवून थांबायचं. हे सगळ्यांना सारखंच लागू, हुशार मुलांनाही.

उभं राहण्याआधी गटाने वर्गाला एक प्रश्न द्यायचा: “आम्हाला हे जाणून घ्यायचंय की...” कुणाला आलेख कळतो का ते हवं असतं, कुणाला सुरुवात लांबते का ते. आपणच मागितलेलं उत्तर ऐकून घेणं सोपं जातं, म्हणून चर्चेची सुरुवात नेहमी या प्रश्नापासून करते.

सादरीकरण चालू असताना चिठ्ठी लिहायची नाही. मान खाली घालून लिहिणारे बारा जण समोर असले की बोलणाऱ्याचा धीर जातो. समासात एखादा शब्द टिपायला हरकत नाही. संपल्यावर टाळ्या, मग तीन मिनिटं पूर्ण शांतता. चर्चेआधी लिहिणं महत्त्वाचं आहे. आधी बोलायला दिलं, तर पहिला मुलगा जे म्हणेल तेच बारा चिठ्ठ्यांत उतरतं.

मग चार मिनिटं बोलणं. बारा जणांनी वाचून दाखवायचं नाही. प्रत्येक कामातून एक असे चौघे पुरतात, आणि त्यातल्या एकाने तरी ‘हे असंच ठेव’ असं काही सांगायचं. बोलायचं ते गटाकडे बघून. मुलांना बाईंकडे बघून बोलायची सवय असते: “मॅडम, तिने ना...” लगेच थांबवा: “तिलाच सांग.” ‘तिने’चं ‘तू’ झालं की बोलण्याचा सूर आपोआप मऊ होतो, हे मी दरवर्षी बघते.

गटाने काय करायचं? ऐकायचं, न कळलेलं विचारायचं, “कळलं” म्हणायचं. खुलासे द्यायचे नाहीत. “मॅडम, लाइट गेली म्हणून...” हे खरं असतं, पण त्यात चारपैकी तीन मिनिटं जातात.

जे चिठ्ठीत येता कामा नये

यावर मी इतर कशाहीपेक्षा जास्त जोर देते. त्याचं कारण सांगते.

पहिल्या वर्षी मी चिठ्ठ्या दिल्या, पण चिठ्ठीत काय लिहायचं नाही हे सांगितलं नव्हतं. नाव लिहायलाही सांगितलं नव्हतं. बिननावी असलं की मुलं मोकळेपणाने लिहितील असं वाटलं. वाडीवरून येणारा एक मुलगा विहिरींच्या पातळीवर बोलला. त्याने स्वतः दोरी सोडून चार विहिरी मोजल्या होत्या, दर पंधरवड्याला, पावसाळ्यापासून. वर्गात एवढं काम कुणीच केलं नव्हतं. त्याला मिळालेल्या चिठ्ठ्यांपैकी अकरा चिठ्ठ्यांवर एकच गोष्ट होती: ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतो. काहींनी पुढे हसरे चेहरे काढले होते. मी त्या न वाचता त्याच्या हातात दिल्या होत्या. त्या वर्षी तो मुलगा वर्गात पुन्हा बोलायला उभा राहिला नाही, आणि ती चूक माझी होती.

तेव्हापासून चार गोष्टी चिठ्ठीत चालत नाहीत आणि त्या फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेल्या असतात: बोलीचे उच्चार, कपडे आणि दिसणं, अडखळणं किंवा तोतरेपणा, घर-गाव-जात. घरी-दारी ‘न’ म्हणणारं मूल ‘न’च म्हणणार. अर्थ पोचला की भाषेचं काम झालं. कुणी म्हणेल, प्रमाण भाषा शिकवायची नाही का? शिकवायची, पण ते शिक्षकाचं काम, वेगळ्या वेळी आणि मायेने. साठ जणांसमोर वर्गमित्राने ते करायचं नसतं. एखादा शब्द खरंच कळला नसेल तर तसं विचारावं: “तू ‘आड’ म्हणालास, म्हणजे विहीरच का?” यातून वर्गाला उलट एक शब्द मिळतो.

दुसरा बदल म्हणजे चिठ्ठीवर नाव सक्तीचं. बिननावी चिठ्ठीत मोकळेपणा कमी आणि टोमणे जास्त येतात, विशेषतः मुलींना मिळणाऱ्या चिठ्ठ्यांत. आणि तिसरा: कुठलीही चिठ्ठी माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय गटाकडे जात नाही. दिवसाला २४ अर्धे कागद, पंधरा मिनिटांचं काम आहे. नियमाबाहेरची चिठ्ठी मी काढून घेते आणि लिहिणाऱ्याशी एकट्याशी बोलते. बाकीच्यांत फक्त एकच गोष्ट तपासते: पहिल्या ओळीत नेमका क्षण आहे का? नसेल तर पेन्सिलने गोल करून ‘कुठे?’ एवढंच लिहिते. तिसऱ्या पाळीपर्यंत बहुतेकांच्या चिठ्ठीवरचा गोल नाहीसा होतो.

मैत्री आणि भांडणं यांचाही विचार करावा लागतो. यादी करताना जिवलग मित्र आणि नुकतंच बिनसलेलं असे दोघेही त्या गटाच्या बारांत नकोत. वर्गशिक्षकांना विचारलं की ते लगेच सांगतात.

गुण वेगळे ठेवा

चिठ्ठीवर गुण, तारे, दहापैकी आकडा, काहीही नको. इस्रायलमधल्या संशोधक रूथ बटलर यांचा १९८८ सालचा एक अभ्यास शिक्षणशास्त्रात वारंवार सांगितला जातो. ज्या मुलांना फक्त शेरे मिळाले त्यांचं काम सुधारलं. ज्यांना शेरे आणि गुण दोन्ही मिळाले त्यांना शेऱ्यांचा फायदा झाला नाही. वर्गात हे रोज दिसतं: आकडा दिसला की मूल आधी शेजाऱ्याचा आकडा बघतं, शेरा तसाच राहतो. प्रकल्पाचे गुण मी माझे वेगळे देते आणि चिठ्ठ्यांचा त्यांच्याशी संबंध नाही हे पहिल्याच दिवशी सांगते. नाहीतर मित्राचे गुण कमी होऊ नयेत म्हणून सगळे पुन्हा ‘छान होतं’वर येतात.

अभिप्राय दिला म्हणजे फायदा होतोच, असंही धरून चालू नका. क्लुगर आणि डिनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायाच्या परिणामांचे सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी उलट खालावलेली आढळली. लक्ष कामावरून उठून ‘मी कसा आहे’ याकडे गेलं की घसरण होते, असं त्यांचं म्हणणं. माझ्या त्या विहिरीवाल्या मुलाचं नेमकं तेच झालं होतं.

उरलेली ९ मिनिटं

चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशी गटाला मिळतात. गटाने त्यांच्या तीन गड्ड्या करायच्या: आत्ता करू, नंतर बघू, पटत नाही. तिसरी गड्डी असू द्या. न पटलेलं बाजूला ठेवायचा हक्क असला की मुलं बाकीचं मोकळ्या मनाने घेतात. मात्र एकाच गोष्टीवर दोघांनी बोट ठेवलेलं असेल तर ते तिसऱ्या गड्डीत टाकताना कारण सांगावं लागतं.

‘आत्ता करू’मधली एकच गोष्ट निवडायची, आणि पुढच्या तासाच्या शेवटच्या ९ मिनिटांत गटाने आपल्या सादरीकरणातलं एक मिनिट पुन्हा करून दाखवायचं. पूर्ण सहा मिनिटं नाही, फक्त बदललेला भाग. दोन्ही गटांचं होतं आणि वर वेळही उरतो. घाईच्या दिवसांत हाच भाग गाळायचा मोह होतो. गाळू नका. हे एक मिनिट नसेल तर चिठ्ठ्या दप्तराच्या तळाशी जातात, आणि आपण लिहिलेल्याचं काही झालं का हे लिहिणाऱ्यालाही कधी कळत नाही.

०.२वाली ती मुलगी पुढच्या तासाला घरच्या नळाचं पाणी बाटलीत घेऊन आली. जलसुरक्षकाकडून ओटी टेस्टची, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायची, नळी आणि द्रावण मागून आणलं होतं. स्लाइड लावली नाही. खिडकीपाशी उभी राहिली, नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले आणि नळी उजेडात धरली. पाण्याला फिकट पिवळा रंग आला. “पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे,” ती म्हणाली. “टाकीत कितीही टाकलं तरी शेवटच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे. आमचा नळ गावातला शेवटचा आहे.” श्रोत्यांचं काम असलेल्या मुलाने त्या वेळची वर्गाची स्थिती वहीत टिपली होती: ‘मागचे तीन बाक उभे राहिले.’